‘लवण’: गुडघ्यामागच्या खळग्याचे नाव आणि ते वापरण्याची रीत

गुडघा वाकवल्यावर त्याच्या मागच्या बाजूला जो मऊ, खोलगट भाग तयार होतो, त्याला मराठीत ‘लवण’ म्हणतात. शब्द जुना आहे आणि मंगळवेढा, मोहोळ या बाजूच्या वयस्क माणसांच्या तोंडून मी तो अनेकदा ऐकला आहे. परंतु दवाखान्यातून घरी नेण्यासाठी मिळणाऱ्या सूचनापत्रकांत, व्यायामाच्या तक्त्यांत आणि शालेय पुस्तकांतल्या आकृत्यांत तो मला जवळजवळ कधीच दिसलेला नाही. त्याच्या जागी ‘गुडघ्याच्या मागचा भाग’ किंवा नुसते ‘गुडघ्याखाली’ असे लिहिले जाते. पहिला प्रयोग लांबलचक असला तरी निदान चुकीचा नाही, दुसरा मात्र घातक ठरू शकतो, आणि तो कसा घातक ठरतो हे मी माझ्या घरात पाहिले आहे.

माझ्या आईच्या उजव्या गुडघ्याचे सांधारोपण झाले, तेव्हा सोलापुरातल्या एका रुग्णालयाने तिला घरी जाताना एक छापील कागद दिला. त्यात ‘गुडघ्याखाली उशी ठेवू नये’ असे एक वाक्य होते, आणि त्यामागचे कारण अगदी योग्य होते: शस्त्रक्रियेनंतर उशीच्या आधाराने गुडघा तासन्‌तास किंचित वाकलेला राहिला, तर मागच्या बाजूचे स्नायू व बंध आखडतात आणि पुढे पाय पूर्ण सरळ होत नाही. म्हणूनच व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायला सांगितले होते, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनाने हळूहळू सरळ होत जातो. आईने कागद नीट वाचला. ‘गुडघ्याखाली’ म्हणजे गुडघ्यापासून खाली पावलापर्यंत, असा अर्थ तिने घेतला, टाच त्यातच येते म्हणून टॉवेलची गुंडाळी काढून टाकली, आणि जिथे उशी ठेवायची नव्हती नेमकी तिथेच, खळग्यात, एक छोटी उशी सरकवली, कारण तिच्या लेखी ती जागा गुडघ्याच्या ‘मागे’ होती, ‘खाली’ नव्हती. आठवडाभराने चूक लक्षात आली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मग लवणीखाली उशी नको, असं लिहायचं की!”

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. मराठीत ‘खाली’ हा शब्द ‘च्या तळाशी’ आणि ‘च्या पुढे पायाकडे’ असे दोन्ही अर्थ देतो, आणि माणूस आडवा झाला की ‘मागे’ व ‘खाली’ एकच होऊन जातात. माणूस उभा असो, बसलेला असो की झोपलेला, लवण मात्र लवणच राहते. त्या दिवसापासून रुग्णांसाठीच्या कागदांचे मराठी करताना मी हाच शब्द वापरतो. तो कसा वापरावा, कुठे जपून वापरावा आणि कुठे वापरू नये, हे येथे लिहीत आहे.

शब्दाची ओळख

‘लवणे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ वाकणे, झुकणे असा आहे. आपण लवून नमस्कार करतो, फळांनी झाड लवते, आणि एखादी गोष्ट फार झटकन घडली तर ती पापणी लवायच्या आत घडली असे म्हणतो. पाय जिथे लवतो ती लवण, एवढे लक्षात ठेवले तरी शब्द विसरणार नाही. आठवणे या क्रियापदापासून आठवण होते, साठवणे यापासून साठवण, उतरणे यापासून उतरण. तशीच लवणे यापासून लवण.

याच शब्दाचा दुसरा अर्थ शेतकऱ्यांना अधिक परिचयाचा आहे. रानाचा जो भाग सखल असतो, जिथे पाणी उतरून येते आणि ओल जास्त काळ टिकते, त्या भागालाही लवण म्हणतात. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पावसाच्या पाण्यावर नव्हे, तर जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. त्यामुळे लवणातले रान आणि माळावरचे रान यांतला फरक तिथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अशा माणसाला ‘गुडघ्याची लवण’ म्हटले की शब्द पूर्वी ऐकलेला नसला तरी जागा कळते, कारण खळगा तोच, फक्त रानातला नव्हे तर अंगातला. शरीराच्या भागासाठी नवा शब्द घडवण्याआधी असा जमिनीतला शब्द हाताशी आहे का, हे पाहावे असे मला मनापासून वाटते.

शरीरशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत या जागेला पॉप्लिटियल फॉसा म्हणतात. त्यातला पहिला शब्द गुडघ्याच्या मागच्या भागाच्या लॅटिन नावावरून आला आहे आणि ‘फॉसा’ म्हणजे खड्डा किंवा चर. म्हणजे तिकडेही नाव देणाऱ्याने खळगाच पाहिला. आपल्याकडे ‘जानु’ म्हणजे गुडघा हे पद घेऊन संस्कृत वळणाचे जोडशब्द करता येतात. सुश्रुतसंहितेत 107 मर्मे सांगितली आहेत, त्यांत जानु हे एक मर्म आहे आणि तिथे इजा झाल्यास माणूस लंगडा होतो असे म्हटले आहे. परंतु जानु हे संपूर्ण सांध्याचे नाव आहे. केवळ मागच्या खळग्यासाठी ‘जानु’ला आणखी पदे जोडावी लागतात, आणि एवढे जोडकाम केलेला शब्द रुग्णाला सांगितला तर तो मान हलवतो व घरी जाऊन शेजाऱ्याला विचारतो.

आपली लवण शोधा

शब्द वापरण्याआधी जागा बोटांनी ओळखणे चांगले. खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर सपाट ठेवा आणि दोन्ही हातांची बोटे गुडघ्यामागे न्या. बाहेरच्या बाजूला दोरीसारखी एक कडक शीर लागेल. आतल्या बाजूला अशाच दोन शिरा शेजारी शेजारी लागतील. या रक्ताच्या शिरा नव्हेत, मांडीच्या मागच्या स्नायूंना हाडाशी जोडणारे हे कंडरे आहेत. त्या दोन काठांच्या मध्ये जो मऊ भाग आहे ती लवण. खालच्या बाजूने पोटरीच्या स्नायूची दोन तोंडे तिला बंद करतात, त्यामुळे तिचा आकार पतंगासारखा, चार कोनांचा होतो. आता उभे राहा, पाय ताठ करा आणि पुन्हा चाचपून पाहा: खळगा नाहीसा झालेला असेल, उलट ती जागा ताणून किंचित फुगलेली लागेल. पाय लवल्याशिवाय लवण दिसत नाही.

या छोट्या जागेत फार मोलाच्या गोष्टी दाटीने आहेत. चरबीच्या गादीत, कातडीपासून आत जाताना, आधी पायाची मोठी चेता, म्हणजे मज्जातंतू लागतो, मग नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी वाहिनी, आणि सर्वांत खोल, हाडाला लागून, रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी. रोहिणी इतकी खोल असल्यामुळेच लवणीतली नाडी मनगटातल्या नाडीसारखी सहज सापडत नाही. गुडघा थोडा वाकवून, स्नायू सैल सोडून, दोन्ही हातांची बोटे आत दाबावी लागतात. पोटरीच्या मागून वर येणारी एक वरवरची नीला बहुधा इथेच खोलवरच्या नीलेला मिळते. बाहेरच्या काठालगत दुसरी एक चेता उतरते आणि पुढे गुडघ्याच्या किंचित खाली बाहेरच्या बारीक हाडाला वळसा घालते. तिथे ती फार वेळ दाबली गेली तर पायाला मुंग्या येतात, आणि दाब खूपच वाढला तर पाऊल वर उचलता येईनासे होते.

सोलापूरच्या कामांकडे पाहिले तर या शब्दाची गरज किती आहे ते कळते. जुन्या खड्ड्याच्या हातमागावर विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पायाखालच्या पट्ट्या दाबतो आणि हाताने धोटा चालवतो. काठाचा दाब मांडीच्या मागच्या भागावर आणि लवणीवर येतो. घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास पाय दुमडून बसतात, तेव्हा लवण पूर्ण मिटलेली असते. यंत्रमागावरचा कामगार याच्या उलट दिवसभर उभा असतो, आणि त्याच्या लवणीत व पोटरीवर निळसर, फुगलेल्या नीला दिसू लागल्या तर ते तपासून घेण्यासारखे असते. या तिघांनाही डॉक्टरांसमोर ‘गुडघा दुखतो’ एवढेच सांगता येते, आणि तपासणारा पुढच्या बाजूच्या वाटीपासून सुरुवात करतो.

व्याकरण

शरीराच्या अर्थाने हा शब्द स्त्रीलिंगी वापरावा: ती लवण, माझी लवण, दोन्ही लवणी. विभक्ती लावताना तो ‘आठवण’ या शब्दाप्रमाणे चालवावा, म्हणजे आठवणीत तसे लवणीत, आणि त्याच रीतीने लवणीला, लवणीवर, लवणीखाली, लवणीतून. शेतातल्या सखल भागासाठी ‘लवणात’ असे नपुंसकलिंगी रूपही कानावर येते, ते तिथे राहू द्यावे, पण शरीराविषयी लिहिताना ते टाळावे.

याचे कारण मीठ. संस्कृतातून आलेला ‘लवण’ हा नपुंसकलिंगी शब्द मिठाचे नाव आहे, आणि आयुर्वेदाच्या औषधांत तो सतत भेटतो. लवणभास्कर चूर्ण अनेक घरांत असते. आता ‘लवणाचा शेक द्यावा’ आणि ‘लवणीला शेक द्यावा’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात मिठाची पुरचुंडी गरम करून शेकायचे आहे, कुठे ते सांगितलेले नाही. दुसऱ्यात गुडघ्यामागे शेकायचे आहे, कशाने ते सांगितलेले नाही. एका वेलांटीने सगळा अर्थ बदलतो. मिठाने लवण शेकायची असेल तर मी ‘गुडघ्याच्या लवणीला मिठाच्या पुरचुंडीने शेक द्यावा’ असे लिहितो आणि मिठाला मीठच म्हणतो.

दुसरी काळजी कोपराची. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथून तपासणीसाठी रक्त काढतात आणि रक्तदाब मोजताना जिथे नळी टेकवतात, तिथेही हात लवतो, आणि त्या जागेलाही लवण म्हणतात. नुसते ‘लवण’ म्हटले तर बहुतेक ऐकणारे गुडघाच समजतात, तरीही लेखी मजकुरात पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘गुडघ्याची लवण’ किंवा ‘कोपराची लवण’ असे पूर्ण लिहावे, डावी की उजवी तेही लिहावे, आणि त्यानंतर मजकूर त्याच जागेविषयी असेल तर सुटा शब्द वापरावा. लहान मुलांच्या कातडीच्या एका चिवट तक्रारीत कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणी एकाच वेळी लाल होऊन खाजतात. तिथे ‘हातापायांच्या लवणी’ हा एक प्रयोग चारही जागा सांगून मोकळा होतो, आणि मला तो फार नेटका वाटतो. ‘ढोपर’ या शब्दापासून मात्र दूर राहावे, कारण तो कुणी गुडघ्यासाठी वापरते तर कुणी कोपरासाठी.

वाक्यांत वापर

व्यायामाच्या सूचनांत हा शब्द सर्वांत उपयोगी पडतो. मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ देणारा एक साधा व्यायाम आहे, तो मी असा लिहितो: ‘पाय लांब करून बसावे. टॉवेलची घट्ट गुंडाळी गुडघ्याच्या लवणीखाली ठेवावी. लवण गुंडाळीवर दाबावी, पाच अंक मोजेपर्यंत दाबून धरावी आणि सैल सोडावी.’ सोलापूरचा जाडसर टॉवेल यासाठी उत्तम. या मजकुरात ‘गुडघा खाली दाबावा’ असे लिहिले असते तर काही जण हाताने वाटी दाबतात. ‘लवण दाबावी’ म्हटल्यावर दाबणारा स्नायू आपोआप कामाला लागतो. त्याच कागदावर पुढे लिहावे: ‘व्यायाम संपल्यावर गुंडाळी काढून ठेवावी. झोपताना लवणीखाली उशी ठेवू नये. टाचेखाली गुंडाळी ठेवण्यास हरकत नाही.’ शेवटची दोन वाक्ये एकमेकांना लागूनच असावीत, असा माझा आग्रह आहे आणि त्याचे कारण वर सांगितले आहे.

तक्रार नोंदवताना ‘लवणीत’ या शब्दापुढे काय येते याकडे लक्ष द्यावे. ‘लवणीत गोळा आला आहे’ हे वाक्य धोक्याचे आहे, कारण आपल्याकडे पायात गोळा येणे म्हणजे स्नायू आकसून पेटका येणे. सांध्यातले वंगण मागे साचून लवणीच्या आतल्या बाजूला जो फुगवटा होतो, त्याला विल्यम मॉरंट बेकर या इंग्लिश शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखतात. त्याने 1877 मध्ये त्याचे वर्णन केले. मोठ्या माणसांत तो बहुतेकदा सांध्याच्या झिजेबरोबर किंवा आतल्या गादीसारख्या कूर्चेच्या दुखापतीबरोबर येतो. त्यासाठी ‘लवणीत मऊ गाठ लागते, पाय ताठ केला की ती कडक होते’ असे लिहावे. पेटक्यासाठी ‘पोटरीत गोळे येतात’ हे वाक्य आहेच. आणि ‘एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, लवणीपर्यंत दुखते’ असे कुणी सांगितले, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर ते वाक्य जसेच्या तसे लिहून त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. खोलवरच्या नीलेत रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते. अशा पायाला तेल लावून चोळू नये.

यावरून वारीची आठवण होते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत सोलापूर जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, तेव्हा ठिकठिकाणी वारकऱ्यांचे पाय चेपून देण्याची सेवा चालते. सेवेला बसणारी मुले उत्साहाने सगळा पाय सारख्याच जोराने दाबतात. त्यांना ‘पोटरी दाबा, मांडी दाबा, लवण नुसती कुरवाळा’ एवढे एक वाक्य पुरते. त्या जागी रक्तवाहिन्या आणि चेता आहेत व वर स्नायूचे कवच नाही, हे समजावून सांगायला तिथे वेळ नसतो, पण जागेचे नाव असेल तर सूचना एका दमात देता येते.

कुठे वापरू नये

डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेल्या टिपणात, चाचणीच्या अहवालात किंवा शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रात शास्त्रीय संज्ञा काढून तिथे ‘लवण’ घालू नये. दोन्ही शेजारी लिहावेत, म्हणजे ‘पॉप्लिटियल रोहिणी, म्हणजे गुडघ्याच्या लवणीतली रोहिणी’. गुडघ्याच्या पुढच्या दुखण्यासाठी, वाटीसाठी, नडगीसाठी हा शब्द नाही. मांडी आणि ओटीपोट यांच्यामधल्या घडीलाही लवण म्हणू नये. तिला जांघ हा स्वतंत्र शब्द आहे. पोटरी लवणीच्या खाली सुरू होते, त्यामुळे पोटरीचे दुखणे लवणीत घालू नये.

आणखी एक गोष्ट सोलापूरची. इथल्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी माणसे असतात. तेलुगूत गुडघ्याला मोकालु म्हणतात, कन्नडात मोणकालु. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातल्या आजींना ‘गुडघा’ हा मराठी शब्द रोजच्या वापराने माहीत असतो, ‘लवण’ माहीत असेलच असे नाही. शहरात वाढलेल्या मराठी तरुणांचीही तीच स्थिती आहे. म्हणून पहिल्यांदा शब्द उच्चारताना स्वतःच्या गुडघ्यामागे हात लावून दाखवावा, कागदावर वाकलेल्या पायाची बाजूने काढलेली छोटी आकृती द्यावी आणि खळग्याकडे बाण काढून ‘लवण’ असे लिहावे. ते झाल्यावर समोरच्याला ‘लवणीवर हात ठेवा बघू’ असे म्हणावे. हात गुडघ्यामागे गेला तर पुढची सूचना द्यावी. वाटीवर किंवा पोटरीवर गेला तर आकृती पुन्हा दाखवावी, आणि हात बरोबर जागी जाईपर्यंत उशीचा विषय काढू नये.